काड्या फुल, वर ५जी, तरी पैसे जाईनात! मोबाइल नेटवर्क नेमकं चालतं कसं?

जावळीची_लेक

नमस्कार मंडळी. मेढ्यापासून आत, डोंगराच्या पोटात आमचं गाव. घरचं किराणा दुकान मी बघते. आता दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यालाही गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं आणि तिथंच सगळं अडतं. फोनवर तीन-चार काड्या, वर ५जी लिहिलेलं, तरी चक्र फिरतच राहतं. मग गिऱ्हाईक फोन घेऊन रस्त्यावर जातं, तिथं गेल्यावर पैसे गेले म्हणतं, आणि माझा साउंडबॉक्स मात्र गप्प. पैसे आले की नाही कळत नाही, आणि ओळखीच्या माणसावर अविश्वास तरी कसा दाखवायचा? कस्टमर केअरला फोन केला की "हँडसेट बंद करून चालू करा" एवढंच उत्तर.

नवल म्हणजे मामंजींचा बटणांचा फोन माजघरातसुद्धा खणखणीत चालतो.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. काड्या असताना नेट का नाही? जुना फोन कसा चालतो? आणि महागातला नवा हँडसेट घेतला तर फरक पडेल का? बारावी सायन्स झालंय, त्यामुळे थोडं खोलात सांगितलंत तरी चालेल.

मिरज_जंक्शन

ताई, प्रश्न नेमके मांडलेत. माझी सगळी नोकरी टेलिकॉममध्ये झाली. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर गाडीत लॅपटॉप उघडा ठेवून सिग्नल मोजत फिरायचं, हे काम बरीच वर्षं केलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काड्या काय सांगतात? टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती जोरात ऐकू येतोय, एवढंच. तुमच्या फोनचा आवाज टॉवरला ऐकू जातोय का, याबद्दल काड्या एक अक्षर बोलत नाहीत. पालीच्या यात्रेत स्पीकरवरून कुणाचं नाव पुकारलं तर ते लांबवर ऐकू येतं, पण त्या माणसाने गर्दीतून दिलेली ओ माइकवाल्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या दुकानात नेमकं हेच होतंय.

आकडे बघा. टॉवरवरच्या एका रेडिओतून साधारण २० ते ४० वॅट शक्ती निघते, आणि अँटेना ती एका दिशेला एकवटते. तुमचा ४जी फोन सगळा जोर लावून ०.२ वॅट देतो. मानकातच तशी मर्यादा आहे, कारण फोन बॅटरीवर चालवायचा आणि डोक्याजवळ धरायचा असतो. म्हणजे येणारी वाट रुंद आणि जाणारी अरुंद. टॉवर लांब असला किंवा मध्ये भिंत, टेकाड आलं की आधी जाणारी वाट तुटते. यूपीआयला डेटा फार लागत नाही, काही किलोबाइटमध्ये काम होतं. पण फोन आणि बँक यांच्यात अनेकदा देवाणघेवाण व्हावी लागते. प्रत्येक वेळी फोन टॉवरकडे बोलायची परवानगी मागतो, टॉवर त्याला वेळ नेमून देतो, मग फोन तुकडा पाठवतो. तो पोचला नाही तर पुन्हा पाठवतो. असं करता करता ॲपने ठरवलेली मुदत संपते.

आणखी एक. एक काडी म्हणजे किती, दोन म्हणजे किती, याला जगात कुठलंही एक प्रमाण नाही. प्रत्येक हँडसेट कंपनी आपल्या हिशोबाने काड्या दाखवते. खरा आकडा अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "अबाउट फोन" आणि त्यात "सिम स्टेटस" असं गेलं की बहुतेक वेळा दिसतो. तो उणे असतो आणि डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात असतो. ४जीवर −९० च्या आसपास असेल तर उत्तम. −१०५ नंतर ओढाताण सुरू होते. −११५ च्या पुढे घरात बसून काम होईल याची खात्री नाही. दर दहा आकड्यांना शक्ती दहापट बदलते, म्हणून −८० आणि −११० यांत फरक हजारपटीचा. −११० म्हणजे किती? एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातला एक भाग घेऊन त्याचे पुन्हा एक कोटी करा. एवढ्याशा शक्तीतून फोन आवाज, चित्र, पैसे सगळं उचलतो. इतकी वर्षं हे काम करूनही मला याचं अप्रूप वाटतं.

आता मामंजींचा फोन. तो २जीवर, म्हणजे जीएसएमवर चालतो. ९०० मेगाहर्ट्झवर त्या फोनला २ वॅटपर्यंत मुभा आहे, ४जी फोनच्या दहापट. शिवाय त्याचं काम हलकं. जीएसएमच्या मूळ पद्धतीत आवाजाला सेकंदाला १३ किलोबिट पुरतात. आणि ९०० ची लहर ३३ सेंटिमीटर लांब, ती डोंगराच्या धारेवरून खाली थोडी वाकून उतरते. ५जीची ३५०० मेगाहर्ट्झची लहर साडेआठ सेंटिमीटर. तिला वाकायला आणि भिंतीतून आत यायला फार जड जातं. सारख्याच अँटेना, सारखंच अंतर आणि मध्ये काही आडवं नाही असं धरलं, तरी ३५०० वर हाती येणारी शक्ती ९०० च्या पंधराव्या भागाइतकी. टॉवर मोठ्या अँटेनाने ही कसर बरीच भरून काढतो, फोनला मात्र ते जमत नाही.

नवा हँडसेट घ्यायची घाई करू नका. आधी दुकानाबाहेर आणि दुकानात तो आकडा बघा आणि इथे लिहा.

विश्रामबाग_०७

काका, मी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. एक शंका. जीएसएममध्ये एक चॅनेल आठ जणांत वाटलेला असतो ना? फोन आठपैकी एकाच टाइमस्लॉटमध्ये बोलतो. मग २ वॅट हा फक्त त्या क्षणाचा आकडा, सरासरी पाव वॅटच येते. ४जीच्या ०.२ च्या जवळपासच झालं. मग दहापट कसं?

मिरज_जंक्शन

शाब्बास, बरोबर पकडलंस. सरासरी तेवढीच येते, म्हणून तर बॅटरी टिकते. पण टॉवरच्या रिसीव्हरसमोर प्रश्न असतो तो त्या क्षणाचा, की आत्ता आलेला आवाज गोंगाटाच्या वर आहे का. जीएसएमचा चॅनेल २०० किलोहर्ट्झ. ४जीचा सगळ्यात लहान तुकडा १८० किलोहर्ट्झ, म्हणजे १५ किलोहर्ट्झच्या बारा उपलहरी. रुंदी जवळपास सारखी, म्हणून दोन्हीकडे गोंगाटही जवळपास सारखा. त्या क्षणी एक फोन २ वॅटने बोलतो, दुसरा ०.२ ने. ४जीमध्ये यावर उपाय आहेत. कमकुवत सिग्नलला एकच तुकडा लागोपाठ चार वेळा पाठवायची सोय मानकात आहे. पण ती टॉवरच्या सेटिंगमध्ये चालू ठेवलेली असावी लागते.

ऊसवाला_वाळवा

आबा, आमचं दुखणं निराळंच हाय. मळ्यात वस्ती. ऊस गुडघ्याएवढा असतोय तवर नेट झकास. दिवाळीच्या टायमाला ऊस डोक्याच्या वर गेला की घरात फोन लागत न्हाई, पोरांचा अभ्यास बंद. तोड झाली की दुसऱ्या दिवशी परत झकास. गावात सांगितलं तर कुणाला पटत न्हाई.

मिरज_जंक्शन

दादा, मला पटतं. ऊसपट्ट्यात मोजमाप केलेल्या कुणालाही पटेल. गणित करून दाखवतो.

टॉवर ४० मीटर उंच आणि तुमच्यापासून दोन किलोमीटरवर आहे असं धरा. तुमचा फोन जमिनीपासून दीड मीटरवर. टॉवरकडून येणारी रेषा फार तिरकी नसते, जवळजवळ आडवीच असते. शंभर मीटर अंतरात ती जेमतेम दोन मीटर चढते. ऊस साडेतीन मीटर झाला की घराच्या कडेपासून सुमारे शंभर मीटर ऊस कापत सिग्नलला यावं लागतं. ऊस म्हणजे उभं पाणी, आणि हिरवा पाला लहरी शोषतो आणि विखुरतो. पहाटे दव असलं तर जास्तच. थोडा सिग्नल शेंड्यांवरून वाकून घरात उतरतो, तोच तुम्हाला मिळतो. वारंवारता जेवढी जास्त, तेवढं नुकसान जास्त. म्हणून २३०० वर चालणारं सिम आधी मान टाकतं, ८५० किंवा ९०० वालं तग धरतं.

उपाय उंचीचा आहे. फोन पत्र्यावर किंवा स्लॅबवर उसाच्या शेंड्याच्या वर नेला की फरक लगेच दिसेल. सिम टाकायचा ४जी राउटर मिळतो. तो वर खोक्यात बसवा आणि घरात वायफाय घ्या. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की कॉलही त्याच वाटेने जातील.

बाजारात स्वस्तात बूस्टर मिळतो, तो कुणीही घेऊ नका. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे. शिवाय असला बूस्टर टॉवरच्या कानात सतत गोंगाट ओततो आणि आसपासच्या सगळ्यांचीच जाणारी वाट बंद करतो. एका वस्तीवरच्या बूस्टरने शेजारच्या गावांचे कॉल तुटताना मी मोजलेले आहेत.

माणदेशी_माणूस

+१, ऊसवाल्यांसाठी माहिती भारीच. आमच्याकडे म्हसवडच्या बाजूला ऊसही कमी आणि डोंगरही लांब, तरी ५जी दिसतं आणि यूट्यूब अडकतं. ते का? आणि हे २जी, ३जी, ४जी ठरवतं कोण?

मिरज_जंक्शन

दुसरं आधी सांगतो. मानकं लिहिते थ्रीजीपीपी नावाची जागतिक संघटना, १९९८ पासून. युरोप, अमेरिका, चीन, जपान, कोरिया आणि भारत यांच्या मानक संस्था तिच्यात आहेत. आपली संस्था टीएसडीएसआय. ४जीचं पहिलं मानक २००८ चं, त्याला रिलीज ८ म्हणतात. ५जीचं रिलीज १५, २०१८ चं. ही मानकं एकच असल्यामुळेच साताऱ्यात घेतलेला फोन दुबईत उतरल्या उतरल्या चालतो.

पिढ्या बदलल्या म्हणजे मुख्यतः वाटणीची पद्धत बदलली. २जीने वेळ वाटला. ३जीमध्ये सगळे एकाच ५ मेगाहर्ट्झमध्ये एकाच वेळी बोलायचे, प्रत्येकाला वेगळा कोड. गर्दी वाढली की गोंगाट वाढायचा आणि टॉवरचा पल्लाच आखडायचा. बहुतेक कंपन्यांनी ३जी बंद करून त्या लहरी ४जीला दिल्या. ४जीने वेळ आणि वारंवारता दोन्हींचे बारीक चौकोन केले. दर मिलिसेकंदाला टॉवर ठरवतो की कुठला चौकोन कुणाला. ५जीची मूळ पद्धत हीच, फक्त चौकोनांचा आकार बदलता येतो आणि पट्टा खूप रुंद मिळतो.

एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात (आयटीयू) ५जीची जागतिक कसोटी ठरत होती तेव्हा ग्रामीण भागातले टॉवर किती अंतरावर धरायचे हा प्रश्न आला. भारताने आग्रह धरला की दोन टॉवरमध्ये सहा किलोमीटर अंतर आणि सावकाश फिरणारी माणसं, अशा खेड्यासाठीही कसोटी असली पाहिजे. ती मान्य झाली. त्यासाठी आपल्याकडे ५जीआय नावाचं मानक तयार झालं आणि पुढे रिलीज १७ मध्ये त्यातला भाग जागतिक मानकात घेतला गेला. फोनची जाणारी वाट लांबपर्यंत कशी टिकवायची, हाच त्यातला गाभा. जावळीतल्या दुकानाचा प्रश्न जिनिव्हापर्यंत गेला होता म्हणायला हरकत नाही.

आता तुमचं यूट्यूब. ५जी दोन प्रकारे चालतं. एकात सगळा कारभार ५जीचाच. दुसऱ्यात लगाम ४जीच्या हातात, ५जी फक्त जोडीला. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं तेव्हा जिओने पहिला मार्ग घेतला, एअरटेलने दुसरा. दोन्ही मार्ग मानकातलेच आहेत. पण दुसऱ्या प्रकारात ४जी टॉवर नुसतं "माझ्याकडे ५जीची सोय आहे" असं जाहीर करतो, आणि बरेच फोन तेवढ्यावर ५जीचं चिन्ह लावतात. प्रत्यक्षात डेटा ४जीवरून चाललेला असू शकतो. त्या चिन्हावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

आणि टॉवरच्या मागे काय आहे तेही बघा. टॉवरवर उभे लांबट डबे दिसतात त्या तुमच्याशी बोलणाऱ्या अँटेना. ढोलासारखी गोल तबकडी दिसली तर तो टॉवर पुढच्या टॉवरशी मायक्रोवेव्हने जोडलेला आहे, फायबर बहुधा नाही. माळरानावर अशी साखळी लांबत जाते आणि सगळ्या गावांचा डेटा शेवटी एकाच अरुंद दुव्यातून जातो. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंत रस्ता मोकळा असला तरी पुढे तुंबतं.

डोंगरयात्री

साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर गेलं की काड्या फुल आणि नेट रांगतं. तिथं तर ना ऊस ना भिंत. आणि पावसाळ्यात महाबळेश्वरला रेंज जाते, ती पाऊस सिग्नल खातो म्हणूनच ना?

मिरज_जंक्शन

किल्ल्यावर उलटा प्रकार होतो. वरून सगळ्या शहराचे टॉवर एकदम दिसतात, आणि सगळे सारख्याच जोरात. फोनला एकाचं बोलणं ऐकायचं असतं, बाकीच्यांचा त्याला गोंगाट होतो. सिग्नल किती यापेक्षा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे, हे वेग ठरवतं. एखाद्या भिंतीच्या आडोशाला उभे राहा. बाकीचे टॉवर झाकले जातात आणि पुष्कळदा नेट सुधारतं.

पावसाबद्दल थोडं थांबा. ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीला पाऊस जवळजवळ अडवत नाही, सेंटिमीटरांच्या लहरीपुढे थेंब फार लहान पडतो. पाऊस खातो ती मायक्रोवेव्हची तबकडी. ती बहुधा १० गिगाहर्ट्झच्या वर चालते. मुसळधारेत तो दुवा तुटला की टॉवर जिवंत, काड्या जिवंत, पण पुढे काहीच नाही. दुसरं कारण वीज. लाइट जाऊन बराच वेळ झाला आणि बॅटरी संपली की डिझेल वर पोचेपर्यंत टॉवर बंद. काड्या असून नेट नाही तर दुवा गेला, काड्याच गेल्या तर बहुधा वीज, असा ढोबळ अंदाज बांधा.

माणदेशी_माणूस

आमच्या शेजारच्या गावात टॉवरला जागा द्यायला लोक तयार नाहीत, रेडिएशनची भीती. काय सांगावं त्यांना?

मिरज_जंक्शन

या विषयावर मी अनेक गावांत बोललोय, तळमळीने बोललोय. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. आणि अंगाला चिकटून असतो तो टॉवर नव्हे, फोन. टॉवर जवळ असला की तो फोनला सांगतो "हळू बोल", आणि फोन आपली शक्ती कितीतरी पटींनी उतरवतो. टॉवर लांब ठेवला की तोच फोन कानाशी पूर्ण जोरात बोलतो, बॅटरी तापते ती त्यामुळेच. कुणाला शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात. हे गावसभेत शांतपणे मांडा. पोरीबाळींना रात्री-अपरात्री १०८ ला फोन लागला पाहिजे, हेही सांगा.

जावळीची_लेक

काका, आकडे घेतले. रस्त्यावर −९७, दुकानाच्या दारात −१०६, गल्ल्यापाशी −११७. मधली भिंत जुनी, दगडाची, दोन हात रुंद. सिम ५जीवर होतं ते सेटिंगमधून ४जीवर आणलं, तर दारात पैसे जायला लागले. गल्ल्यापाशी अजून अडतंच. आणि कुणाचा कॉल आला की नेट बंद पडतं, ते कशामुळे?

मिरज_जंक्शन

दगडी भिंतीने दहा-अकरा डेसिबल खाल्ले, म्हणजे शक्ती दहाव्या भागावर आली. ५जीच्या पट्ट्यावर जाणारी वाट पुरत नव्हती आणि फोन ये-जा करत बसायचा, ते थांबलं. रस्त्याकडच्या खिडकीत क्यूआरचा फलक हलवा आणि साउंडबॉक्सही तिथेच ठेवा. त्याच्यात स्वतःचं सिम असतं, त्यालाही ही भिंत लागू आहेच.

कॉलचं असं की ४जीमध्ये आवाजाची वेगळी वाटच नाही, आवाजही डेटाच्याच तुकड्यांतून जातो. त्याला व्होल्टी म्हणतात. ते सेटिंगमध्ये बंद असेल तर कॉल आला की फोन खाली २जीवर उतरतो आणि नेट थांबतं. व्होल्टी चालू करा. दुसरं सिम घ्यायचं झालं तर आधी कंपन्यांच्या वेबसाइटवरचे कव्हरेज नकाशे बघा. ते प्रसिद्ध करणं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, बंधनकारक केलेलं आहे. मात्र नकाशा उघड्यावरचा असतो, तुमच्या गल्ल्याचा नव्हे. शेजाऱ्याचं सिम दुकानात घालून आकडा बघणं जास्त खात्रीचं.

तासगाव_द्राक्षबाग

माझाही प्रश्न यात बसतो म्हणून विचारतो. बागेत हवामान केंद्र आहे. पानावरचा ओलावा, तापमान मोजतं आणि सिमवरून मोबाइलवर पाठवतं. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी त्यावर ठरते. ते २जीवर चालतं. विक्रेता म्हणतो २जी कधीही बंद होईल, ५जीचं नवीन घ्या. घ्यावं का?

मिरज_जंक्शन

५जीची इथे काहीच गरज नाही. चार आकडे पाठवायला रुंद रस्ता कशाला? २०१६ च्या रिलीज १३ मध्ये अशा यंत्रांसाठी एनबी-आयओटी नावाचं मानक आलं. ते २०० किलोहर्ट्झच्या पट्टीत बसतं आणि एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवून जीएसएमपेक्षा सुमारे २० डेसिबल जास्त खोलवर पोचतं. पण तुमच्या बागेत ते नेटवर्क चालू आहे का, हे लेखी घेतल्याशिवाय त्यावर जाऊ नका. सुरक्षित पर्याय ४जी कॅट-१ मोड्यूल. वेग १० मेगाबिटपर्यंत, तुमच्या कामाला भरपूर, आणि साध्या ४जी टॉवरवर चालतो.

विक्रेत्याला एकच विचारा, यात बँड ५, ८ आणि ३ आहेत का? म्हणजे ८५०, ९०० आणि १८००. पहिले दोन नसतील तर घेऊ नका. अँटेना मांडवाच्या वर काढा, पानांच्या आत ठेवू नका. खोकं लोखंडी असेल तर अँटेना बाहेरच हवी, आणि तिची वायर शक्य तेवढी आखूड.

तासगाव_द्राक्षबाग

विक्रेत्याला आत्ताच फोन केला. बँड माहीत नाहीत, कंपनीला विचारून कळवतो म्हणाला. फळछाटणीच्या आत बसवायचंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.